टाकीचा तळ आणि खर्चाचा ताळा



वसंत व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, संतवाङ्मय, राजकारण असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंक्तीत आज तेलाच्या टाक्या, आणि त्यातही त्या टाक्यांच्या डागडुजीचा खर्च, हा विषय येऊन बसलेला पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर मी त्याला दोष देणार नाही. पण एवढेच सांगतो की, या विषयाशी दिवाळे गावाचा संबंध माझ्यापेक्षा जुना आणि जवळचा आहे. इथल्या धक्क्यावरून होडी सुटली आणि पनवेलच्या खाडीतून बाहेर पडली, की तिला एका अंगाला ट्रॉम्बे-माहूलच्या किनाऱ्यावरील पांढऱ्या गोल टाक्या दिसतात, पुढे बंदराच्या पाण्यात जवाहर द्वीपावरच्या दिसतात, आणि डाव्या हाताला न्हावा-शेवा बंदरामागच्या. ट्रॉम्बेचा पहिला तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ साली सुरू झाला आणि दुसरा १९५५ साली. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ या पाण्यात जाळे टाकणारा माणूस आणि या किनाऱ्यावर साठविलेले तेल हे एकमेकांचे शेजारी आहेत. शेजाऱ्याचे घर गळके आहे की धड आहे, हे पाहण्याचा हक्क शेजाऱ्याला असतो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या हक्काचा थोडासा वापर आहे, असे समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. एका तेलकंपनीकडे शेकडो टाक्या असतात. त्या रंगवाव्या लागतात, धुवाव्या लागतात, त्यांचा गाळ काढावा लागतो, गंजलेला पत्रा बदलावा लागतो. या सर्वांवर वर्षाला काही कोटी रुपये खर्च होतात. मग एके दिवशी कंपनीच्या संचालकांना साहजिकच प्रश्न पडतो : 'हा खर्च जास्त की कमी? शेजारची कंपनी तेवढ्याच टाक्यांवर किती खर्च करते?' या प्रश्नाचे उत्तर पद्धतशीरपणे शोधण्याला हल्लीच्या व्यवहारात 'बेंचमार्किंग' म्हणतात. झेरॉक्स या अमेरिकन कंपनीने १९७९ साली आपल्या यंत्रांचा उत्पादनखर्च जपानी यंत्रांशी ताडून पाहिला, तेव्हापासून हा शब्द उद्योगधंद्यांत रूढ झाला. आपण त्याला मानदंड लावणे म्हणू या.

परंतु हा शब्द व्यापाऱ्यांनी उचलला तो मोजणीदारांच्या पोतडीतून, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जमिनीची उंची मोजणारे सर्वेक्षक एखाद्या पक्क्या दगडावर किंवा जुन्या इमारतीच्या जोत्यावर छिन्नीने खूण कोरतात. ती खूण म्हणजे बेंचमार्क. पुढे ज्याला ज्याला उंची मोजावयाची असेल, त्याने त्या एकाच खुणेपासून मोजावे, असा संकेत. आणि ती खूण तरी कशावरून ठरविली? समुद्राच्या सरासरी पातळीवरून. आपल्या देशात ज्या थोड्या ठिकाणी ही पातळी वर्षानुवर्षे मोजली गेली, त्यांपैकी एक म्हणजे मुंबईचे अपोलो बंदर. तात्पर्य असे की, खुणेला अर्थ येतो तो सर्वांचा पाया एक आहे म्हणून. एकाने भरतीच्या पाण्यापासून मोजले आणि दुसऱ्याने ओहोटीच्या पाण्यापासून, तर दोघांचेही आकडे बरोबर असतील, पण त्यांची तुलना मात्र खोटी असेल. टाक्यांच्या खर्चाच्या तुलनेत नेमके हेच घडते, आणि ते कसे घडते हेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम टाकी म्हणजे काय ते पाहू. दुरून ती पत्र्याचा एक भला मोठा डबा दिसते आणि वस्तुतः ती तशीच असते. मध्यम आकाराची टाकी घ्या : व्यास ३६ मीटर आणि उंची १४ मीटर. तिच्यात सुमारे एक कोटी चाळीस लाख लिटर तेल मावते. तिच्या भिंतीचे पत्रे खाली जाड आणि वर पातळ असतात, कारण तेलाचा दाब खालच्या बाजूला अधिक. पण तळाचा पत्रा? तो वाळू-खडीच्या पायावर सपाट पसरलेला असतो, वजन जमीन उचलते, म्हणून तो जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा असला तरी पुरतो. हजार चौरस मीटरांचे हे अंगण, आणि त्याची जाडी आपल्या करंगळीएवढीसुद्धा नाही!

या तळाला दोन शत्रू असतात. वरून तेलाबरोबर आलेले पाणी. तेल हलके, पाणी जड. म्हणून पाणी खाली बसते, त्याच्याबरोबर गाळ बसतो, आणि त्या गाळाखाली गंज आपले काम करीत राहतो. खालून जमिनीतला ओलावा आणि खाडीकाठी असलेला क्षार. भिंत गंजली तर बाहेरून दिसते, रंग उडाला तर रस्त्यावरचा माणूसही सांगू शकतो. तळ मात्र दिसत नाही. त्याच्यावर तेल असते आणि त्याच्याखाली जमीन असते. तो पाहावयाचा तर टाकी रिकामी करावी लागते, वायू घालवावा लागतो, गाळ उपसावा लागतो, आणि मग माणसे आत उतरून पत्र्याची जाडी इंचाइंचाने तपासतात. या सर्व कामाला काही महिने लागतात आणि तितके दिवस टाकी निरुपयोगी होते.

दिवाळ्याच्या कोळीबांधवांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते. या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, त्यांची डागडुजी होते. होडीचा जो भाग पाण्याखाली असतो तो वर्षभर कोणी पाहिलेला नसतो. तो ओढून वर घेतल्यावरच कळते की कोणती फळी किडली, कुठला सांधा सुटला. समजा, दोन भावांच्या दोन होड्या आहेत. एकाने यंदा होडी ओढून फळ्या बदलल्या, सांधे बुजविले, तेलपाणी केले. दुसऱ्याने नुसता वरच्या काठाला रंग लावला आणि होडी तशीच पाण्यात लोटली. यंदाच्या खर्चाची वही काढली तर दुसरा भाऊ शहाणा ठरेल, यात शंका नाही. पण भर समुद्रात कोणाच्या होडीत बसाल, असे विचारले तर गावातले शेंबडे पोरही बरोबर उत्तर देईल. ते पोर वहीतला आकडा पाहत नाही, होडीचा तळ पाहते.

मोठमोठ्या कंपन्यांच्या तक्त्यांत मात्र पुष्कळदा वहीतलाच आकडा पाहिला जातो. त्यात फसगत कोठे होते, ते क्रमाने पाहू.

पहिली अडचण भागाकाराची. खर्चाला कशाने भागावयाचे? टाक्यांच्या संख्येने भागले तर लहान टाक्यांचे आगार स्वस्त दिसते. साठवणक्षमतेने, म्हणजे दर किलोलिटरमागे किती, असे मोजले तर मोठ्या टाक्यांचे आगार स्वस्त दिसते. कारण व्यास आणि उंची दोन्ही दुप्पट केली की पत्र्याचे क्षेत्रफळ चौपट होते, पण आत मावणारे तेल आठपट होते. रंग पत्र्याला लागतो, तेलाला लागत नाही. वर्षभरात आलेल्या-गेलेल्या तेलाने भागले तर ज्या आगारात वर्दळ जास्त ते स्वस्त दिसते, आणि आणीबाणीसाठी तेल साठवून ठेवणारे आगार फार उधळे वाटते. काही जण टाक्या आज नव्याने बांधावयाच्या झाल्यास जी किंमत पडेल तिच्या शेकडा प्रमाणात खर्च सांगतात. हे मान त्यातल्या त्यात बरे. पण जुन्या वहीतली घसारा वजा जाता उरलेली किंमत कोणी त्यात घातली, तर सगळाच हिशेब पालथा होतो. सारांश, खर्च तोच ठेवून भाजक बदलला की पहिला नंबर बदलतो.

दुसरी अडचण हवापाण्याची. मुंबईच्या कारखान्यातून निघालेले डिझेल नळाने मनमाडजवळच्या पानेवाडीच्या आगारात जाते; दुसऱ्या एका नळाने ते पुण्याजवळ लोणीला आणि पुढे सोलापूरजवळ पाकणीला जाते. तेल एकच, टाकीचा पत्राही एकाच भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आय. एस. ८०३ प्रमाणे घडविलेला. तथापि माहूलच्या टाकीला चार महिने मुसळधार पाऊस, बाराही महिने खारा वारा आणि पायाखाली खाडीची दमट जमीन. तर पानेवाडीच्या टाकीला पठाराची कोरडी हवा. माहूलचा रंग लवकर उडणार, हे उघड आहे. या दोघांना एकाच तक्त्यात ओळीने उभे करून 'तू का जास्त खातोस?' असे माहूलला विचारणे म्हणजे कोकणातल्या कौलारू घराच्या मालकाला देशावरच्या धाब्याच्या घराचा शाकारणीखर्च दाखविण्यासारखे आहे. शिवाय आत काय आहे त्याचाही फरक पडतो. कच्च्या तेलात पाणी आणि गाळ पुष्कळ. पेट्रोलच्या टाकीवर वाफ उडू नये म्हणून तेलावर तरंगणारे छप्पर असते, त्याच्या कडेची सीले झिजतात. दाट भट्टीचे तेल वाफेच्या नळ्यांनी गरम ठेवावे लागते, त्या नळ्या गंजतात. या सर्वांना 'टाकी' हे एकच नाव आहे म्हणून त्यांचा खर्च एक असावा, असे मानता येत नाही.

तिसरी अडचण व्याख्येची. डागडुजीत काय काय धरावयाचे? एक आगार गाळ काढण्याचा आणि त्या घातक गाळाची विल्हेवाट लावण्याचा खर्च डागडुजीत धरते. दुसरे तो 'दैनंदिन कामकाज' या सदरात टाकते. एकाकडे नवा तळ बसविला तर तो दुरुस्तीखाते सोसते. दुसऱ्याकडे तो भांडवली खर्च ठरतो आणि दुरुस्तीच्या तक्त्यात त्याचे नावही येत नाही. टाकी उघडून दुरुस्त केली की तिचे माप पुन्हा घ्यावे लागते. त्याचा खर्च कोठे? बंद असलेल्या टाकीऐवजी दुसरीकडे जागा भाड्याने घेतली; ते भाडे कोठे? हे सर्व एका सदरातून दुसऱ्या सदरात सरकविले की एक पैसाही न वाचविता खर्च कमी झालेला दिसतो. अशा बचतीला आपल्याकडे हातचलाखी म्हणतात.

आणि चौथी अडचण काळाची. ही सर्वांत मोठी, म्हणून ती एका उदाहरणाने सांगतो. यातले आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, ते कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा, दोन अगदी सारख्या टाक्या आहेत. पहिलीवर वर्षाला ४ लाख रुपये वरवरचा खर्च होतो. दुसरीवर वर्षाला ६ लाख होतो आणि पाचव्या वर्षी ती उघडून, तळ तपासून, जरूर तेथे ठिगळे मारून, आतून लेप देऊन पुन्हा बंद करतात. त्याला ६० लाख लागतात. पाचव्या वर्षीच्या तक्त्यात पहिली टाकी ४ लाखांची आणि दुसरी ६६ लाखांची! दुसरीच्या व्यवस्थापकाला त्या वर्षी बढती मिळणे कठीण. पण दहावे वर्ष येते. पहिली टाकी नाइलाजाने उघडावी लागते. तोवर तळ इतका खाल्ला गेलेला असतो की तो सबंध बदलावा लागतो, आणि त्याला १ कोटी ६० लाख लागतात. दहा वर्षांची बेरीज करा. पहिली २ कोटी, म्हणजे वर्षाला २० लाख. दुसरी १ कोटी २० लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख. नऊ वर्षे जी टाकी स्वस्त म्हणून मिरवत होती, ती खरे पाहता महाग निघाली. मधल्या काळात तिचा व्यवस्थापक मात्र बढती घेऊन दुसऱ्या गावी गेलेला असतो.

आपण विचाराल, मग यावर उपाय काय? तुलना सोडूनच द्यावी? मुळीच नाही. उपाय एवढाच की रुपयांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावयाचा, आणि त्यात मिलिमीटर लिहावयाचे. टाकीच्या तपासणीची जी संहिता अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली आणि जी आज जगभर प्रमाण मानली जाते, तिचे सार घरगुती भाषेत सांगता येते. तळ ६ मिलिमीटरांचा होता. दहा वर्षांनी उघडला तेव्हा तो ४ भरला. म्हणजे दर वर्षी ०.२ मिलिमीटर पत्रा खर्ची पडतो. पुढच्या वेळी टाकी उघडाल त्या दिवशी किमान २.५ मिलिमीटर पत्रा उरला पाहिजे. गळती कळण्याची व अडविण्याची सोय तळाखाली असेल तर याहून कमी चालतो. आता ४ मधून २.५ वजा केले की उरले १.५. त्याला ०.२ ने भागा. साडेसात वर्षे. तेवढ्या मुदतीत टाकी पुन्हा उघडली पाहिजे. हा त्रैराशिकाचा हिशेब चौथीतला मुलगाही करील. जिचा गंजण्याचा वेग मोजलेलाच नाही, अशा टाकीला ती संहिता पहिल्या तपासणीसाठी दहा वर्षांपलीकडे मुदत देत नव्हती. ज्याला ठाऊक नाही त्याने लवकर उघडून पाहावे, हा त्यातला न्याय.

ही संहिता कोणाच्या लहरीने जन्मली नाही. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्लोरेफ या गावी डिझेलची एक टाकी उभी फाटली. ती मूळची दुसऱ्या ठिकाणची, चाळीस वर्षांहून जुन्या पत्र्याची. सुटी करून तिथे आणून पुन्हा जोडलेली होती. ती पहिल्यांदाच काठोकाठ भरली जात असता जुन्या पत्र्यातल्या एका लहानशा दोषापासून चीर गेली आणि क्षणार्धात सुमारे दीड कोटी लिटर तेल बाहेर आले. बांध ओलांडून त्यातला मोठा लोट मोनोंगाहेला नदीत गेला आणि खालच्या गावांचे पिण्याचे पाणी तुटले. जुना पत्रा वापरून जे वाचले होते, ते एका सकाळच्या पाण्यालाही पुरले नसते.

आपल्या देशातला दाखला याहून दुःखद आहे. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुरा येथील तेलाच्या आगारात पेट्रोलची गळती सुरू झाली, वाफेचा ढग पसरला आणि स्फोट झाला. अकराजणांचे प्राण गेले आणि आग कित्येक दिवस धुमसत होती. मूळ चूक नळाच्या जोडणीच्या वेळी झाली, हे खरे. परंतु चौकशी समितीने आणखी एक गोष्ट नोंदविली. नियंत्रणकक्षात बसून टाकीची झडप दुरून बंद करता यावी, ही सोय तेथे कामातून गेलेली होती. ती चालू असती तर वाफेच्या ढगात पाऊल न घालता पेट्रोल अडविता आले असते. आता माझा प्रश्न असा : ती सोय दुरुस्त न केल्यामुळे जो खर्च वाचत होता, तो दरसालच्या तक्त्यात कोठे दिसत असेल? तो 'कमी खर्च' या रकान्यातच दिसत असणार. न केलेली दुरुस्ती आणि काटकसरीने केलेली दुरुस्ती या दोहोंना रुपयांच्या भाषेत वेगळे नाव नाही. ते नाव दुसऱ्या रकान्यातूनच मिळते.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर माझेच व्याख्यान एकांगी तुलनेचा नमुना ठरेल. जास्त खर्च म्हणजे जास्त काळजी, असेही नाही. टाकी उघडणे हेच मुळी धोक्याचे काम आहे. आत साचलेल्या वायूने माणसे गुदमरतात, ठिणगीने जळतात. तळ ठणठणीत असताना केवळ पंचांग पाहून टाकी उघडणे म्हणजे पैसा आणि माणसांचा जीव दोन्ही विनाकारण पणाला लावणे होय. चुंबकीय यंत्राने सबंध तळ चाळून पाहता येतो. तेल आत असतानाही तळाचा कानोसा घेण्याच्या काही पद्धती आहेत. ज्या आगाराने अशा साधनांनी गंजण्याचा वेग नेमका जाणला आणि मुदत वाढविली, त्याचा खर्च खरोखरच कमी होतो, आणि त्याच्यापासून इतरांनी शिकावे हेच मानदंडाचे प्रयोजन. अमेरिकेतील सॉलोमन ही संस्था शुद्धीकरण कारखान्यांच्या अशा तुलना कित्येक वर्षे करीत आहे. प्रत्येक कंपनी आपले आकडे त्या तिऱ्हाईताकडे देते, तो ते एकाच व्याख्येत बसवितो आणि प्रत्येकाला त्याचे स्थान तेवढे दाखवितो. इतरांची नावे झाकलेली राहतात. आपल्याकडेही पेट्रोलियम मंत्रालयाच्या सेंटर फॉर हाय टेक्नॉलॉजीमार्फत सरकारी शुद्धीकरण कारखान्यांच्या तुलना झालेल्या आहेत. म्हणजे पद्धत उपलब्ध आहे. प्रश्न तिच्यात कोणते रकाने भरावयाचे हा आहे.

आणि आता ज्या रकान्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला, तिकडे येतो. आतापर्यंत बोललो ते कंपनीच्या वहीत येऊ शकणाऱ्या खर्चाविषयी. पण काही खर्च असे असतात की ते कोणत्याच कंपनीच्या वहीत येत नाहीत, कारण ते भरणारा वेगळा असतो. गाळ काढण्याचे काम बहुधा कंत्राटावर दिले जाते. कंत्राट सर्वांत कमी बोलीला गेले, आणि ती बोली माणसांच्या मुखवट्यांत व वायू मोजण्याच्या यंत्रांत काटछाट करून कमी केलेली असेल, तर तक्त्यात बचत दिसते आणि तिची किंमत तो मजूर आपल्या फुप्फुसांनी भरतो. तसेच तळाला भोक पडले आणि तेल हळूहळू जमिनीत मुरले, तर ते कोणाला दिसत नाही. भरणा-उपशाच्या मोठ्या आकड्यांत दिवसाची थोडीशी घट लपून जाते. ते भूजलाबरोबर उताराकडे सरकते, आणि खाडीकाठच्या जमिनीचा उतार खाडीकडेच असतो.

तेल आणि मासळी यांचे वैर किती जुने आहे, ते इथे सांगण्याची गरज नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एम. एस. सी. चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल पाण्यात गेले. ते टाकीतले नव्हते, जहाजातले होते. पण खाडीला त्याचा फरक काय? तिवरांच्या मुळांना काळा थर बसला, आणि धड मासळीलासुद्धा कित्येक दिवस गिऱ्हाईक मिळेना. त्या अपघाताच्या खर्चात जहाजाच्या पत्र्याची किंमत धरली जाते, पण विकली न गेलेली टोपली कोण धरतो? जवाहर द्वीपावर ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून डिझेलची टाकी पेटली, तेव्हा सुदैवाने कोणी दगावले नाही. पण तो धूर या सबंध बंदराने पाहिला, आणि टाकी ही केवळ तिच्या मालकाची खासगी वस्तू नसते, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. टाकीच्या डागडुजीचा मानदंड तीन रकान्यांचा असावा. पहिल्यात रुपये, पण एका वर्षाचे नव्हे. टाकी एकदा उघडल्यापासून पुन्हा उघडीपर्यंतच्या सबंध फेऱ्याचे. दुसऱ्यात तळाचे मिलिमीटर : किती होते, किती उरले, वर्षाला किती जातात. तिसऱ्यात जे बाहेर गेले ते : किती गळती, किती अपघात, किती माणसे जायबंदी. तिन्ही रकाने भरल्यावर ज्याचा पहिला रकाना लहान असेल, तो खरा काटकसरी. ज्याने पहिला रकाना भरला आणि बाकीचे दोन कोरे ठेवले, त्याने तुलनेत भागच घेतलेला नाही, असे समजावे.

आपण म्हणाल, हे कंपन्यांना सांगा. आम्हांला सांगून काय उपयोग? उपयोग आहे. घातक पदार्थ साठविण्यासंबंधीचे जे नियम आपल्या सरकारने १९८९ साली केले, त्यांत मोठ्या साठ्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांना संभाव्य अपघाताची आणि त्या वेळी काय करावयाचे याची माहिती देण्याचे बंधन मालकावर घातलेले आहे. शिवाय या भागातल्या बऱ्याचशा टाक्या सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या आहेत आणि त्यांना २००५ चा माहितीचा अधिकार लागू आहे. एका साध्या अर्जात दोन ओळींचे प्रश्न विचारता येतात : 'ही टाकी आतून शेवटची केव्हा तपासली? तेव्हा तळाची जाडी किती भरली?' कोणी सुरक्षिततेचे कारण सांगून उत्तर नाकारील, कोणी अर्धेमुर्धे देईल. पण प्रश्न विचारला गेला, एवढ्यानेच तो रकाना कोणाच्या तरी वहीत आखला जातो. पुष्कळशा चांगल्या पद्धती अशाच, बाहेरच्याने विचारले म्हणून सुरू झालेल्या आहेत.

हिशेब हा विषय रूक्ष खरा. पण हिशेबात काय धरावयाचे आणि काय सोडावयाचे, हे ठरविण्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न असतो, आणि तो मात्र मुळीच रूक्ष नाही. येत्या जूनमध्ये होड्या वर येतील तेव्हा त्यांच्या तळावरून हात फिरविताना, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या टाक्यांचाही तळ कोणीतरी असाच तपासावयास हवा, एवढी आठवण ठेवावी, इतकीच माझी विनंती आहे.